काजूच्या बागेला पाणी द्यावे का, आणि द्यायचे तर नेमके कधी?

जांबोटी_वाट (१४ नोव्हेंबर)
नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे आमची तीन एकर काजूची बाग आहे. झाडे नऊ वर्षांची असून बहुतेक वेंगुर्ला-४ या जातीची आहेत, वरच्या बाजूला दोन ओळी वेंगुर्ला-७ च्या आहेत. लागवडीचे अंतर सात बाय सात मीटर आहे. जमीन जांभी असल्यामुळे पावसाळ्यात बांधाबांधातून पाणी फुटते आणि शिमग्याला त्याच जागी कुदळ मारली तर ठिणगी उडते. आजवर ही बाग निव्वळ पावसावर आहे. बागेच्या पायथ्याला पाच मीटर व्यासाची जुनी विहीर आहे. तिला संक्रांतीपर्यंत दोन पुरुष पाणी असते, नंतर ते झपाट्याने उतरते.

घरात दोन पक्ष पडले आहेत. धाकटा भाऊ ठिबक बसवायचे म्हणतो. वडिलांचे म्हणणे असे की काजूला पाणी घालणारा आणि म्हशीवर छत्री धरणारा एकाच माळेचे मणी. माझे प्रश्न तीन आहेत. पाण्याने उत्पन्न खरोखर वाढते का? बी मोठी आणि भरलेली मिळते का? आणि पाणी थोडेच असेल तर ते कोणत्या महिन्यात खर्चावे? ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चंदगडी_माणूस (१४ नोव्हेंबर)
वडिलांचे वाक्य कोणीतरी लिहून ठेवा. बाकीचे जाणकार सांगतीलच.

निवृत्त_बागायत (१४ नोव्हेंबर)
मी बागायत खात्यात असताना या विषयावर पुष्कळ बैठका ऐकल्या आहेत, त्यामुळे आधी शिफारस काय आहे ते सांगतो. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे १९८६ साली सुरू झालेली केंद्र सरकारची काजू संशोधन संस्था आहे. मोहोर सुरू झाल्यापासून फळधारणा होऊन बी पोसेपर्यंत ठिबकने दर चार दिवसांनी झाडामागे ६० ते ८० लिटर पाणी द्यावे, अशी तिथली शिफारस आहे. ठिबक नसेल तर जानेवारी ते मार्च या काळात दर पंधरा दिवसांनी झाडाला २०० लिटर पाणी द्यावे, असेही सांगितले जाते. अशा पाण्याबरोबर शिफारशीप्रमाणे खत दिलेल्या झाडांचे उत्पन्न कोरडवाहू झाडांच्या जवळपास दुप्पट झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य एवढेच आहे की काजू पाण्यावाचून मरत नाही. परंतु न मरणे आणि भरपूर पिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बैलूरचा_बांध (१५ नोव्हेंबर)
साहेबांचा आदर राखून एक शंका मांडतो. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? संशोधन केंद्राच्या बागेत छाटणी वेळेवर होते, खत मोजून पडते आणि तिन्ही फवारण्या चुकत नाहीत. आमच्याकडे ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीने पालवी आणि मोहोर करपवून टाकल्यावर त्या झाडाला ८० लिटर दिले काय आणि ८०० दिले काय, बी धरायला मोहोरच शिल्लक नसतो. माझ्या शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी ठिबक केले आणि त्याच वर्षी पहिल्यांदा पालवी, मोहोर व फळधारणा या तिन्ही वेळी फवारणीही केली. उत्पन्न वाढले, आणि गावभर बोलबाला झाला तो पाण्याचा. फवारणीचे नावही कोणी घेतले नाही.

म्हणून ज्यांना पाण्याचा अनुभव लिहायचा आहे त्यांनी त्याच वर्षी आणखी काय काय बदलले तेही लिहावे, ही विनंती.

निवृत्त_बागायत (१५ नोव्हेंबर)
शंका रास्त आहे. फवारणी, खत आणि छाटणी यांच्यानंतर पाण्याचा क्रमांक लागतो, हे मीच पहिल्या उत्तरात लिहायला हवे होते.

कंग्राळीची_लेक (१६ नोव्हेंबर)
तिसऱ्या प्रश्नाला हात घालते, कारण पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर त्यातच आहे.

माहेरच्या बागेत एका हंगामात मी वीस मोहोरांना रंगीत दोरे बांधले आणि दर रविवारी व्हर्नियर कॅलिपरने बियांची लांबी मोजली. धरलेली बी आधी वाटाण्याएवढी असते आणि तिच्या देठाशी बोंडाचा पत्ताही नसतो. पुढचे चार-पाच आठवडे बी एकटीच वाढते. साधारण पस्तिसाव्या दिवशी ती हिरवीगार आणि वाळल्यावर असते त्याहूनही मोठी दिसते. त्यानंतर ती वाढायची थांबते, टरफल कडक होते, रंग राखाडी होतो आणि चक्क आकार थोडा कमी होतो. आतला गर मात्र याच काळात घट्ट होत असतो. बोंड खऱ्या अर्थाने फुगते ते शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. फळ धरल्यापासून बी गळेपर्यंत सगळे मिळून दोन महिने धरावेत.

याचा अर्थ असा की बीचे आकारमान पहिल्या महिन्याभरात ठरून जाते. त्या महिन्यात झाड तहानलेले असेल तर धरलेल्या बिया वाटाण्याएवढ्या असतानाच गळतात आणि उरलेल्या बारीक राहतात. नंतर टाकी रिकामी केली तरी ती बी पुन्हा मोठी होत नाही. आपल्या घाटमाथ्यावर मोहोर डिसेंबर ते फेब्रुवारी असा टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून पाण्याची खरी गरज जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत असते. तुमच्या विहिरीचे पाणी नेमके तेव्हाच उतरते, ही अडचण आहे खरी.

चंदगडी_माणूस (१६ नोव्हेंबर)
म्हणजे एप्रिलमध्ये पाणी देणारा शेतकरी स्वतःच्या खर्चाने बोंडे फुगवून गोव्यातील फेणीवाल्यांची सेवा करतो, असे समजायचे का?

कंग्राळीची_लेक (१६ नोव्हेंबर)
बोंडाला भाव मिळत असेल तर खुशाल करावी. आमच्याकडे बोंडे कुंपणाबाहेर टाकली जातात आणि गवे येऊन खातात.

मलप्रभाकाठ (१७ नोव्हेंबर)
माझी चूक इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वाचेल.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर आमच्या ओढ्याला पाणी भरपूर होते. पोत्यांचा बंधारा घातला, वरून उताराने पाइप आणला आणि दिवाळीच्या पाडव्यापासूनच झाडांना पाणी सुरू केले. आठवड्याभरात झाडे अशी तरारली की येणारा-जाणारा थांबून बघत होता. पण ती तरारी सगळी पानांची होती. पालवीवर पालवी फुटत राहिली आणि शेजारच्या कोरड्या बागेत मोहोर डोलू लागला तरी आमची झाडे हिरवीगार उभी होती. मोहोर तीन आठवडे उशिरा आला, बी उशिरा तयार झाली आणि ऐन वेचणीत वळवाने गाठले. ओल्या पालापाचोळ्यात पडलेली बी दोन दिवसांत काळी डागाळली. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, तळहात वर करून मला दाखवला आणि काही न बोलता भाव पाडला.

तेव्हापासून पावसाळा संपल्यावर झाडाला ताण बसू देतो. फांदीच्या टोकांना मोहोराचे तुरे स्पष्ट दिसू लागले की मगच पाणी सोडतो, तेही एकदम नव्हे. पहिल्या दोन पाळ्या निम्म्या.

बैलूरचा_बांध (१७ नोव्हेंबर)
असे लिहायला मोठे मन लागते. चूक सांगणारा शेतकरी विरळा.

उतारा_आणि_पहाणी (१८ नोव्हेंबर)
मूळ प्रश्नात विहिरीचा व्यास दिला आहे, त्यावरून सरळ हिशेब मांडता येतो.

सात बाय सात मीटरवर एकरी साधारण ८२ झाडे, म्हणजे तीन एकरांत सुमारे २४५. प्रत्येकी ८० लिटर धरले तर एका पाळीला १९,६०० लिटर पाणी लागेल. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत एक फूट उंचीचे पाणी म्हणजे जवळजवळ ६,००० लिटर. म्हणून एका पाळीत विहीर सव्वातीन फूट उतरेल. आता प्रश्न एवढाच उरतो की चार दिवसांत ती सव्वातीन फूट पुन्हा भरते का. याचे उत्तर कोणत्याही तज्ज्ञाकडे नाही, ते दोरीकडे आहे. फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी दगड बांधून विहिरीत सोडा, मोटर लावून तेवढे पाणी उपसा आणि चार दिवस रोज सकाळी मोजा. ही परीक्षा आता न घेता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्या, कारण नोव्हेंबरमधील झरे फसवे असतात.

पाणी पुरत नसेल तर शेततळ्याचा विचार करा. १५ बाय १५ मीटरचे, तीन मीटर खोल आणि बाजूंना पंचेचाळीस अंशांचा उतार असलेले तळे भरले तर सुमारे ४ लाख ४० हजार लिटर पाणी साठते. हंगामात झाडामागे २२ पाळ्या धरल्या तर एकराला १ लाख ४५ हजार लिटर लागतात, म्हणजे तीन एकरांचे काम भागले.

निवृत्त_बागायत (१८ नोव्हेंबर)
दोरीचा सल्ला उत्तम आहे, पण तळ्याच्या हिशेबात ऊन राहिले. पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबतो आणि पाणी मार्चपर्यंत पुरवायचे असते. आपल्याकडच्या उन्हा-वाऱ्याने त्या सहा महिन्यांत दिवसाला चार-पाच मिलिमीटर धरले तरी पाऊण मीटरच्या आसपास थर नुसता उडून जातो. तो थर तळ्याच्या सर्वांत रुंद भागातला असल्याने दीड लाख लिटरच्या घरात जातो. शिवाय जांभ्यात प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय तळे धरतच नाही. पाणी दसऱ्याला दिसते आणि दिवाळीला नाहीसे होते. त्यामुळे एवढ्या तळ्यावर तीन नव्हे, दोन एकरांचाच भरवसा ठेवावा.

उतारा_आणि_पहाणी (१८ नोव्हेंबर)
मान्य. कागदावरचे तळे कधी आटत नाही, हे विसरलो होतो.

सातासमुद्रापार (२० नोव्हेंबर)
मी मूळचा उचगावचा, सध्या कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात राहतो. इथे मैलोन्‌मैल बदामाच्या बागा आहेत आणि पाऊस हिवाळ्यात पडून जात असल्यामुळे सिंचनाशिवाय त्या उभ्याच राहू शकत नाहीत. ‘मलप्रभाकाठ’ यांनी ताणाबद्दल लिहिले, त्यावरून इथली एक पद्धत आठवली. बदामाचे वरचे हिरवे साल तडकू लागते त्या दिवसांत बागायतदार मुद्दाम पाणी कमी करतात. त्या वेळी झाड फार ओले राहिले तर सालीत बुरशी शिरते, फळांभोवतीच्या काड्या वाळतात आणि पुढच्या वर्षीची फळधारणा घटते. बेताचा ताण दिला तर साली एकसारख्या तडकतात, फळे झाडावरून झडायला सोपी जातात आणि गराचे विशेष नुकसान होत नाही. ताण किती बसला हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. पान झाकून ठेवतात, मग देठाशी तोडून दाबाच्या नळकांड्यात घालतात आणि देठातून पाण्याचा थेंब बाहेर यायला किती दाब लागतो ते वाचतात.

बैलूरचा_बांध (२० नोव्हेंबर)
माहिती रोचक आहे. मात्र बदामाचे वेळापत्रक काजूला लावू नये, एवढे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आपल्याकडे ताण मोहोरापूर्वी हवा, तिकडे तो फळ पिकताना देतात.

सातासमुद्रापार (२० नोव्हेंबर)
अगदी बरोबर. झाड कोणतेही असो, पाणी कधी तोडायचे हेही सिंचनातच येते, एवढाच माझा मुद्दा होता.

नंदगड_नाका (२१ नोव्हेंबर)
थोडे विषयांतर करतो. आमच्याकडे काजूच्या खालच्या अंगाला दीड एकर सुपारी आहे. एकाच मोटरवर दोन्ही पिके चालवता येतील का?

निवृत्त_बागायत (२१ नोव्हेंबर)
मोटर एक असली तरी व्हॉल्व्ह वेगळे ठेवा. सुपारीला ठिबकने झाडामागे रोज १६ ते २० लिटर पाणी लागते आणि कोरड्या दिवसांत त्यात खंड पडला की फुलोरा वाळतो, कोवळी सुपारी गळते. तिला काजूसारखा ताण चालत नाही. पाणी कमी पडले तर आधी सुपारी वाचवा, काजू निदान जिवंत राहील.

पाइप_आणि_पक्कड (२३ नोव्हेंबर)
मी ठिबक जोडण्याचे काम करतो. तीन गोष्टी लिहितो, कारण तक्रारी याच येतात.

तोट्या खोडाला चिकटून सोडू नका. काजूची पाणी ओढणारी बहुतेक मुळे खोडापासून दोन मीटरच्या आत आणि जमिनीच्या वरच्या थरात असतात, पण अगदी बुंध्याशी सतत ओल राहिली तर साल कुजू लागते. खोडापासून मीटर-दीड मीटरवर गोलाकार नळी फिरवून चार तोट्या बसवाव्यात. तासाला चार लिटरच्या तोट्या असतील तर ८० लिटरला पाच तास लागतात. थ्री फेज किती तास आणि कोणत्या पाळीत मिळते ते पाहूनच तोटी निवडा. रात्रीची पाळी असेल तर आठ लिटरच्या तोट्या घ्या, अडीच तासांत मोकळे व्हाल.

दुसरे, आपल्या भागातील पाण्यात लोह असते. तोटी उघडून पाहिली तर तोंडाशी तांबूस, बुळबुळीत साय साचलेली दिसते. नखाने काढली तर मऊ लागते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. जाळीचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा आणि दर पंधरवड्याला नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून द्या. हे न करता ‘ठिबक चालत नाही’ म्हणणारे मला दर मार्चमध्ये फोन करतात.

तिसरे, खारी आणि साळिंदरे नळ्या कुरतडतात. त्यांनाही तहानच लागलेली असते. बागेच्या कडेला दोन पसरट कुंड्या भरून ठेवल्या तर उपद्रव बराच कमी होतो. गव्याच्या पायाखाली आलेल्या नळीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

वळणावरचा_कारखाना (२५ नोव्हेंबर)
दुसरा प्रश्न दर्जाचा होता, त्याबद्दल प्रक्रिया करणाऱ्याच्या बाजूने लिहितो. बी विकत घेताना आम्ही दोन गोष्टी पाहतो. एक, किलोत किती बिया बसतात. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी ७.७ ग्रॅमची मानली जाते, म्हणजे किलोत १३० च्या आसपास. वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची, म्हणजे १००. दुसरी गोष्ट कापून पाहण्याची. नमुन्यातील बिया मधोमध कापून ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड चांगला गर निघेल ते काढतो. नुसती मोठी बी पुरत नाही. टरफल मोठे आणि आत सुरकुतलेला गर अशी बी आम्हाला तोट्यात नेते. गर मोठा आणि अख्खा निघाला तर तो डब्ल्यू-२४० मध्ये बसतो, म्हणजे पौंडात २२० ते २४० नग. लहान निघाला तर डब्ल्यू-३२० मध्ये जातो, आणि दोन्हींच्या भावातील फरक सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणी दिलेल्या बागेच्या मालात मला पोकळ बी कमी आढळते. पण पाणी देऊन पिकवलेली बी कच्ची झोडपून पाडली, किंवा दोन-तीन ऊन न दाखवता पोत्यात भरली, तर सगळ्या ठिबकवर पाणी पडले असे समजा. बी आपोआप गळू द्यावी, रोज वेचावी आणि ओल आठ-नऊ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावी.

चंदगडी_माणूस (२५ नोव्हेंबर)
ठिबकवर पाणी पडणे हा वाक्प्रचार आजपासून मराठीत रूढ झाला.

जांबोटी_वाट (२८ मे)
सर्वांना नमस्कार. धागा मीच सुरू केला होता, म्हणून हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

सांगितल्याप्रमाणे दोरीला गाठी मारल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सव्वातीन फूट पाणी तीन दिवसांत भरले. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यालाच सात दिवस लागू लागले. त्यामुळे पूर्ण बागेला पाणी देण्याचा बेत सोडला आणि खालच्या अंगाच्या १२० झाडांनाच ठिबक केले. तुरे दिसल्यावर ६ जानेवारीला सुरुवात केली, पहिल्या दोन पाळ्या निम्म्या दिल्या आणि २० मार्चला पाणी बंद केले. बुंध्याभोवती काजूचाच पालापाचोळा जाड अंथरला. खत आणि तिन्ही फवारण्या दोन्ही भागांना सारख्याच केल्या, कारण ‘बैलूरचा_बांध’ यांचा प्रश्न डोक्यात होता.

वेंगुर्ला-४ पुरतेच सांगतो. कोरड्या भागात झाडामागे सरासरी ४.१ किलो वाळलेली बी मिळाली, पाण्याच्या भागात ५.६ किलो. किलोत बिया कोरड्या भागाच्या १४८ आणि पाण्याच्या भागाच्या १३१ बसल्या. उत्पन्न दुप्पट झाले नाही, पण व्यापाऱ्याने दोन ढीग वेगळे लावायला सांगितले आणि दोन भाव दिले, हे प्रथमच घडले.

बैलूरचा_बांध (२८ मे)
मनःपूर्वक अभिनंदन, आणि लगेच एक शंका. खालच्या अंगाला माती वाहून येऊन खोल झालेली असते. ती १२० झाडे गेल्या वर्षीही वरच्या झाडांपेक्षा सरस होती का?

जांबोटी_वाट (२९ मे)
हा प्रश्न येणार हे ठाऊक होते. होय, थोडी सरस होती. किती, याची नोंद आमच्याकडे नाही, कारण तोवर सगळी बी एकाच ढिगात जात होती. म्हणून येत्या हंगामात नळ्या उचलून मधल्या कोरड्या झाडांना लावायच्या आणि खालची झाडे पावसावर ठेवायची, असे ठरले आहे. भावाला हे पटलेले नाही. वडिलांना पटले आहे. विहिरीतली दोरी रोज सकाळी तेच सोडतात आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहितात.

पाइप_आणि_पक्कड (२९ मे)
नळ्या हलवणारच आहात तर मिरगाच्या आधी गुंडाळून माळ्यावर टाका. पावसात गवत वाढले की नळी दिसत नाही आणि गवत कापायचे यंत्र तिचे तुकडे करते. गुंडाळण्यापूर्वी टोके उघडून एकदा पाणी सोडा, नाहीतर ती तांबडी साय आतच वाळेल.